उद्योगांच्या पगारावर उभी असलेली घरे

महाराष्ट्रातील घरांच्या किमतींचा विषय निघाला की दोष सहसा बिल्डरांना, दलालांना किंवा काळ्या पैशाला दिला जातो. त्या दोषारोपात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु बिल्डर कितीही धूर्त असला तरी जेथे पगार नाही तेथे तो इमारत उभारीत नाही. मेळघाटात जमीन स्वस्त आहे म्हणून कोणी तेथे वीस मजली मनोरे बांधावयास गेलेला नाही. घराची किंमत अखेरीस कोणाच्या तरी मासिक वेतनातून फेडली जाते आणि ते वेतन कोणता तरी उद्योग देत असतो. म्हणून जमिनीचा आणि घराचा प्रश्न समजून घ्यावयाचा तर प्रथम राज्यातील उद्योगांकडे पाहिले पाहिजे. देशाच्या एकूण उत्पन्नात महाराष्ट्राचा वाटा सुमारे १३ ते १४ टक्के आहे. त्यातील मोठा भाग मुंबई, ठाणे आणि पुणे या पट्ट्यात निर्माण होतो, आणि राज्यातील महाग घरेही नेमकी याच पट्ट्यात आहेत.

येथे एक बाब सहसा ध्यानात घेतली जात नाही. उद्योग घरबाजाराला दोन वेळा आधार देतो. चालू असताना तो पगाराच्या रूपाने आधार देतो आणि बंद पडल्यावर आपल्या जमिनीच्या रूपाने. पहिल्या वेळी लाभ कामगारापर्यंत पोहोचतो. दुसऱ्या वेळी तो कोणाकडे जातो, हे मुंबईच्या गिरणगावाने आपल्याला फार स्पष्टपणे दाखविले आहे.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. पुढील शंभर वर्षांत लालबाग, परळ, वरळी, भायखळा हा सारा टापू गिरण्यांनी आणि त्यांच्या आधाराने वाढलेल्या चाळींनी भरून गेला. कोकणातून, घाटावरून माणसे आली. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा जण पाळीपाळीने झोपले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बीडीडी चाळी बांधल्या, त्याही उद्योगामुळे गर्दी झालेल्या शहराच्या गरजेतून. त्या काळी घर म्हणजे मालमत्ता नव्हती, ती कामाच्या ठिकाणाला जोडलेली सोय होती. भोंगा झाला की दहा मिनिटांत फाटकापाशी पोहोचता आले पाहिजे, एवढीच अपेक्षा.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतरीत्या कधी मागे घेतला गेला नाही, आणि अनेक गिरण्याही पुन्हा पूर्वीसारख्या चालू झाल्या नाहीत. उरले ते शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमिनीचे तुकडे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनींसाठी एक नियम करण्यात आला. ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, असा तो हिशेब होता. २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जागेपुरती राहिली. गिरणीची इमारत ज्या जमिनीवर उभी होती ती वाटणीतून वगळली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा बदल मान्य केला नाही, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. नियमातील एका शब्दाच्या अर्थाने शहराच्या वाट्याची शेकडो एकर जमीन कमी झाली.

त्या जमिनीचे पुढे काय झाले, याचे एकच उदाहरण देतो. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची मुंबई टेक्सटाइल मिल २००५ साली डीएलएफ कंपनीने ७०२ कोटी रुपयांना घेतली. सात वर्षे ती जमीन बरीचशी तशीच राहिली आणि २०१२ मध्ये लोढा समूहाने ती सुमारे २,७०० कोटी रुपयांना विकत घेतली. या सात वर्षांत त्या जमिनीवर कापडाचा एक वारही विणला गेला नाही. २०२३ मध्ये बॉम्बे डाईंगने वरळीतील सुमारे २२ एकर जमीन जपानच्या सुमितोमो समूहाच्या कंपनीला सुमारे ५,२०० कोटींना विकण्याचा करार केला. ज्या गिरणीत पिढ्यानपिढ्या कापड विणले गेले, त्या गिरणीने कापडातून इतका पैसा एकरकमी कधी पाहिला असेल असे आम्हांस वाटत नाही.

गिरणी कामगारांच्या वाट्याला घरे आलीच नाहीत असे नव्हे. २०१२ साली म्हाडाची पहिली मोठी सोडत निघाली, पुढेही सोडती निघाल्या. तथापि अर्जदारांची संख्या लाखाच्या वर आणि परळ-वरळीत मिळालेली घरे काही हजार. उरलेल्यांना शेलू आणि वांगणी येथील घरांचा पर्याय दाखविण्यात आला. ज्यांच्या श्रमांवर लोअर परळ उभे राहिले त्यांच्या वारसांना कर्जतच्या वाटेवर घर घ्या असे सांगितले जाते, याबद्दल कामगार संघटनांनी रोष व्यक्त केला तर त्यात नवल नाही. वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना त्याच जागी नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, ही नोंदही प्रामाणिकपणे केली पाहिजे.

ठाण्यात हेच घडले, फक्त आवाज कमी झाला. वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या आरंभीच्या वसाहतींपैकी एक. महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची. पोखरण रस्त्यावर रेमंडची लोकरी कापडाची गिरणी होती, ती २००९ च्या सुमारास बंद झाली. २०१९ पासून त्याच आवारात रेमंडची स्वतःची गृहबांधणी सुरू झाली. सूट शिवण्याचे कापड करणारी कंपनी सदनिका विकू लागली. यात बेकायदेशीर काहीच नाही. परंतु राज्यातील कित्येक जुन्या कंपन्यांच्या ताळेबंदात आज यंत्रांपेक्षा यंत्रांखालची जमीन अधिक मोलाची ठरते. कारखाना चालविण्यापेक्षा तो बंद करणे अधिक किफायतशीर ठरावे ही गोष्ट आम्हांस अस्वस्थ करते.

पुण्याची कथा निराळी आहे. तेथे एका उद्योगाच्या जागी दुसरा आला नाही, एकाच्या शेजारी दुसरा आला. पिंपरीला पन्नासच्या दशकात हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, नंतर टेल्को आणि आकुर्डीला बजाज ऑटो असे कारखाने उभे राहिले. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० साली झाली आणि १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. बारा वर्षांत गावांचे महानगर होणे ही किमया केवळ कारखान्यांची. त्या काळचा कामगार कायम नोकरीत होता. भविष्य निर्वाह निधी होता, पगाराची पावती होती. १९७७ मध्ये ह. ठा. पारेख यांनी एचडीएफसी ही गृहकर्ज देणारी संस्था स्थापन केली आणि पगाराच्या पावतीवर सामान्य नोकरदाराला घर घेता येऊ लागले. त्यापूर्वी मध्यमवर्गीय माणूस घर बांधीत असे तो निवृत्तीच्या पैशातून, म्हातारपणी.

ही पगाराची पावती आमच्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात आज फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्र यांचे कारखाने आहेत. मोटारी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक बनतात. परंतु कारखान्यात काम करणाऱ्यांमध्ये कंत्राटी आणि प्रशिक्षणार्थी कामगारांचे प्रमाण मोठे आहे. कायम कामगाराला बँक वीस वर्षांचे कर्ज देते. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरील कामगाराला कोण देणार? तो चाकण, भोसरी, मोशीच्या आसपास भाड्याच्या खोलीत चौघांसह राहतो. म्हणजे तोच कारखाना, तेच उत्पादन, पण घरबाजाराला मिळणारा आधार वेगळा. पूर्वी कारखान्यामुळे सहकारी गृहनिर्माण संस्था उभ्या राहत, आता भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहतात. उद्योग आला म्हणजे घरे आली, असे मानणाऱ्यांनी कोणत्या प्रकारच्या नोकऱ्या आल्या हेही विचारावे.

सदनिकांची खरी मागणी हिंजवडी आणि खराडीतून आली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहू लागले. भाताची आणि उसाची शेते होती तेथे काचेच्या इमारती आल्या; वाकड, बाणेर, बालेवाडीचे भाव त्याच ओघात चढले. जमीन संपादनाचा मोबदला मिळालेल्या शेतकऱ्यांपैकी काहींनी गाड्या घेतल्या, लग्ने थाटात केली आणि दहा वर्षांनी त्याच परिसरात सुरक्षारक्षकाची नोकरी धरली. हे वर्णन आपल्यालाही फार अपरिचित वाटू नये.

त्याच पुण्यात हडपसरला मगर कुटुंबीयांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी वेगळी वाट धरली. सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांहून अधिक जमीन एकत्र केली, बिल्डरला न विकता स्वतःच कंपनी स्थापन केली आणि प्रत्येकाला जमिनीच्या प्रमाणात समभाग दिले. सतीश मगर यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही मगरपट्टा नगरी. तिच्यात सायबरसिटीही आहे, म्हणजे कार्यालयांचे भाडेही मूळ शेतकऱ्यांच्याच कंपनीकडे येते. उद्योगाने वाढविलेली जमिनीची किंमत जमीनधारकाच्या घरातच राहिली. सर्वत्र हे जमेल असे नाही. त्याला एकाच समाजातील परस्परविश्वास, एकसंध जमीन आणि वकील-वास्तुविशारदांच्या फीची तयारी लागते. एका भावाने सही नाकारली की सारे अडते, हे वसईच्या वाचकांस आम्ही सांगावयास नको.

पगारावर उभी असलेली घरे पगाराबरोबर डळमळतात हेही खरे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या सुमारे २ टक्के, म्हणजे जवळपास १२ हजार, कर्मचाऱ्यांची कपात करण्याचे जाहीर केले. पुण्यात आणि मुंबईत या कंपनीची मोठी कार्यालये आहेत. चाळिशीतील माणसाची नोकरी गेली आणि मासिक हप्त्याची बारा वर्षे शिल्लक असली, तर त्या घराला घर म्हणावे की ओझे?

आता आपल्या वसईकडे येऊ. येथील अर्थकारण एरवीपेक्षा विचित्र आहे, कारण आपल्या इमारती ज्या पगारांवर उभ्या आहेत ते पगार येथे मिळत नाहीत. गोखिवरे, वालीव आणि आसपासच्या औद्योगिक गाळ्यांत हजारो लोक काम करतात हे खरे, परंतु त्या लहान कारखान्यांचा पगार सदनिका घेण्याइतका क्वचितच असतो. वसई, नालासोपारा, विरारमधील सदनिकांचे हप्ते अंधेरी, वांद्रे-कुर्ला संकुल, लोअर परळ येथील कार्यालयांतून आणि दुकानांतून येतात. ज्या गिरणीच्या जागेवर आज कार्यालय आहे, तेथे काम करणारा तरुण सायंकाळी विरार लोकलला लोंबकळत नालासोपाऱ्याला उतरतो. लोअर परळची जमीन त्याला परवडत नाही म्हणून त्याने आपल्या तालुक्यातील जमीन घेतली. साखळी ही अशी आहे.

एके काळी वसईचा मुंबईशी असलेला व्यवहार याच्या उलट दिशेचा होता. पहाटेच्या गाडीने सोनचाफा आणि मोगरा दादरच्या फूलबाजारात जाई, केळी आणि भाजीपाला जाई, पानवेलीची पाने दूरवर जात, आणि पैसा वाडीत येई. जमीन जागच्या जागी राहून उत्पन्न देत असे. १९८८ साली सरकारने येथील हरित पट्ट्याची मोठी जमीन बांधकामासाठी खुली केली, पुढे १९९० मध्ये सिडकोकडे नियोजनाचे अधिकार आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने त्या धोरणाविरुद्ध दिलेला लढा ज्येष्ठ वाचकांच्या स्मरणात असेल. दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी आपल्यातून गेले. पश्चिमेच्या वाड्यांत आज जी काही हिरवळ शिल्लक आहे तिच्यावर त्या लढ्याचे ऋण आहे. २००९ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती.

या लोकसंख्येला पाणी लागते. सूर्या प्रकल्पातून वसई-विरार आणि मिरा-भाईंदरसाठी दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर पाण्याची योजना आखण्यात आली. सूर्येचे धरण मुळात डहाणू-पालघर भागातील शेतीच्या सिंचनाचा विचार करून बांधलेले. म्हणजे अंधेरीच्या पगाराने विरारमध्ये सदनिका उभी केली आणि तिचे पाणी आदिवासी शेतकऱ्याच्या वाट्यातून आले. उद्योगाने दिलेल्या आधाराची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न आर्थिक पुरवण्यांतून विचारला जात नाही. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली आणि रेल्वे बंद पडली, तेव्हा भराव घातलेल्या खाजणांचा आणि बुजविलेल्या नाल्यांचा हिशेबही निसर्गाने मांडला.

थोडी आकडेमोड करू. नवरा-बायको मिळून महिना साठ हजार मिळवितात असे धरा. आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण जोडप्यांचे उत्पन्न याच्या आसपास असेल. तीस लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षे मुदत, म्हणजे हप्ता सुमारे २६ हजार. मुलांची फी, लोकलचा पास, औषधपाणी वजा जाता शिल्लक थोडीच उरते. व्याज साडेसात टक्के झाले तर हप्ता सुमारे १,९०० रुपयांनी उतरतो. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांपर्यंत खाली आणला तेव्हा अनेकांना आनंद झाला. पण याच गणिताची दुसरी बाजू अशी की, त्याच २६ हजारांच्या हप्त्यात आता बत्तीस लाखांचे कर्ज बसते, आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक असते. सवलत बऱ्याचदा किमतीत विरघळून जाते. पगारवाढीचेही तेच होते. एखाद्या भागात पगार वाढले की त्या वाढीचा मोठा वाटा पाच-सात वर्षांत जमिनीच्या भावात जाऊन बसतो आणि नव्याने नोकरीस लागलेला तरुण होता तेथेच राहतो.

ज्यांना हा हप्ताही परवडत नाही ते कोठे जातात, हे नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीने दाखवून दिले. आरक्षित जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ बेकायदा इमारती न्यायालयाच्या आदेशानुसार २०२५ च्या आरंभापर्यंत पाडण्यात आल्या आणि हजारो माणसे रस्त्यावर आली. त्यांपैकी बहुतेकांनी आयुष्याची पुंजी देऊन ती घरे घेतली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला एका अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. मुंबईच्या उद्योगांना ही माणसे कामासाठी हवी होती. त्यांच्या छपराची व्यवस्था करणे मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हते, म्हणून ती बनावट कागदपत्रे करणाऱ्यांच्या हाती सापडली.

राज्य सरकार या व्यवहारात तटस्थ पंच नाही. मुद्रांक आणि नोंदणी शुल्कातून त्याला २०२३-२४ मध्ये सुमारे ५० हजार कोटी रुपये मिळाले. करोनाच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, त्याने मुद्रांक शुल्क पाचवरून दोन टक्क्यांवर आणले तेव्हा नोंदणी कार्यालयांबाहेर रांगा लागल्या होत्या. एप्रिल २०२५ पासून शासकीय बाजारमूल्याचे दर सरासरी ३.८९ टक्क्यांनी वाढविण्यात आले. घरे महाग होण्यात ज्याचा महसूल वाढतो, त्याच्याकडून ती स्वस्त होण्याची अपेक्षा मर्यादितच ठेवावी. २०१६ च्या कायद्यानुसार मे २०१७ पासून महारेरा कामास लागले, त्याने ताबा लांबविणाऱ्यांना थोडा वचक बसला, एवढे श्रेय दिले पाहिजे.

आता नव्या उद्योगाची चाहूल आपल्याच जिल्ह्यात लागली आहे. डहाणूजवळ वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. सुमारे १,४४८ हेक्टर समुद्रात भराव घातला जाणार आहे आणि सुमारे १२ लाख रोजगारांची भाषा सरकारी निवेदनात आहे. मच्छीमार बांधवांनी आणि स्थानिक गावांनी वर्षानुवर्षे विरोध केला, तो अजून शमलेला नाही. बंदराच्या आधाराने 'चौथी मुंबई' वसविण्याचेही बोलले जात आहे. आजवरचा अनुभव असा की बंदरात पहिले जहाज लागण्याच्या कितीतरी आधी जमिनीचा पहिला दलाल गावात येतो. नोकरी येण्यास दहा वर्षे लागतात, भाव येण्यास दहा महिने पुरतात. मधल्या काळात ज्याने विकले त्याला नोकरीपूर्वीचा भाव मिळतो आणि ज्याने घेतले त्याला नोकरीनंतरचा.

वाढवणच्या बारा लाख रोजगारांपैकी किती कायम असतील, किती कंत्राटी, आणि त्यांत पालघर जिल्ह्यातील मुलामुलींसाठी कोणते प्रशिक्षण आजपासून सुरू होणार आहे, हे प्रश्न आपल्या ग्रामसभांनी आताच लेखी विचारावेत अशी आमची सूचना आहे. जमिनीच्या बाबतीतही, सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव असलेली कुटुंबे आपल्याकडे पुष्कळ आहेत. वारसनोंदी पूर्ण करून घ्याव्यात, परदेशी असलेल्या भावा-बहिणींशी बोलून ठेवावे, कुलमुखत्यारपत्रावर घाईने सही करू नये. तलाठी कार्यालयातील हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यास दोन-तीन खेपा पडतात, परंतु ते आजच्या भावात होते.